आधी पिशवी

"आधी पिशवी."

नमस्कार नाही, बसा नाही, काय होतंय नाही. पेशंट दारातून आत आला की आमच्या इन्चार्ज सिस्टर उजवा हात पुढे करायच्या आणि एवढंच म्हणायच्या. पेशंट गोंधळून पिशवी द्यायचा. सिस्टर ती टेबलावर सरळ उलटी करायच्या.

सरकारी दवाखान्याच्या रांगेत तुम्ही कधी बसला असाल, तर या पिशव्या तुम्हीही पाहिल्या असतील. साड्यांच्या दुकानाची, बियाण्याच्या कंपनीची, कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराची. आत आधारकार्डाची झेरॉक्स, फडक्यात गुंडाळलेली अर्धी भाकरी, तंबाखूची पुडी, आणि सगळ्यात तळाशी गोळ्या. पट्ट्या अर्ध्या कापलेल्या, आणि कापताना नेमका नावाचा तुकडाच गेलेला. सिस्टर अंबाड्यात खोचलेला पेन काढून एकेक पट्टी वेगळी सरकवत.

"ही कुणाची, बाबा?"

"माझीच की."

"खरं बोला. ही गरोदर बायांना देत्यात."

"मग सुनंची आसंल," म्हातारबाबा जराही न लाजता म्हणायचे. "पण गुण लई आला, सिस्टर."

रांगेतली माणसं हसायची. सिस्टर हसायच्या नाहीत. गोळी बाजूला काढायच्या आणि सुनेला निरोप धाडायच्या.

आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं छोटं रुग्णालय. मी तिथं नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा आमच्या घरात पदवीचं प्रमाणपत्र पहिल्यांदाच आलेलं होतं. वडिलांनी ते लॅमिनेशन करून देव्हाऱ्याच्या वर लावलं. आता आपल्याला सगळं येतं, असं मला मनापासून वाटत होतं. पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी मला एका गोळीबद्दल विचारलं. मी पुस्तकातलं पान घडाघडा म्हणून दाखवलं. ती कुठं काम करते, किती द्यायची, काय त्रास होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर. आता रंग सांग."

मला रंग येत नव्हता.

"पेशंट तुला नाव सांगणार न्हाई, पोरी. तो म्हणणार, गुलाबी व्हती, मधी रेघ व्हती. तवा काय करशील?"

त्यांच्याजवळ एक जाडजूड रजिस्टर होतं. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी त्यात रिकाम्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या होत्या. शेजारी त्यांच्या तिरक्या अक्षरात गोळी कशाची ते लिहिलेलं, आणि शेवटी एक रकाना, 'लोक काय म्हणतात'. मी फावल्या वेळात तोच रकाना वाचत बसायचे. अंगावरची सूज उतरवणाऱ्या गोळीपुढं त्यांनी लिहिलं होतं, 'मुतायची'. साखरेच्या एका गोळीपुढं, 'गोड खायची'. आता सांगा, असं कुठल्या पुस्तकात सापडेल?

दुसरा त्यांचा जीव होता यंत्रात. त्यांच्या मालकांचं आळेफाट्याला ट्रकचं गॅरेज. त्यामुळे असेल, पण कुठलंही यंत्र गप्प बसलेलं त्यांना बघवायचं नाही. आमच्या अपघात विभागात एक शॉक द्यायचं यंत्र आलेलं. छातीला आणि पाठीला मोठ्या चिकटपट्ट्या लावून, मंद पडलेल्या हृदयाला बाहेरून ठोके द्यायची सोयही त्यात होती. ते वापरायची वेळ सहसा येत नसे. वॉर्डातल्या मावशींनी धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. सिस्टर दर सोमवारी तो रुमाल उचलायच्या, यंत्र चालू करायच्या, बॅटरी बघायच्या, पट्ट्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायच्या आणि मला शेजारी उभं करून एकेक बटण दाबायला लावायच्या.

"सिस्टर, पूजा झाली का?" आमचे तरुण डॉक्टर चिडवायचे. ते मराठवाड्यातले, शिकून नुकतेच आलेले.

"झाली. परसाद नको मागू मातर," सिस्टर म्हणायच्या. "हात लावला न्हाई तर यंत्र परकं व्हतं, डॉक्टर. आन् गरजेला परकं माणूस कामाला येत न्हाई."

आता त्या दिवसाचं सांगते. ते सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले आहे. अजूनही ते आठवलं की माझे तळहात गरम होतात.

भाताची कापणी चालू होती. साडेअकराचा सुमार. दारात जीप थांबली आणि दोघा-तिघांनी एका आजींना उचलून आत आणलं. तळेघरच्या पलीकडच्या वाडीतल्या. वय सत्तरीचं. कापताना शेतातच कोसळल्या होत्या. अंग घामानं थबथबलेलं आणि बर्फासारखं गार. डोळे उघडले तरी नजर कुठेच ठरत नव्हती. मी मनगट धरलं. ठोका लागला. मग काहीच नाही. मी माझं बोट चुकलं असं समजून हलवणार, तेवढ्यात दुसरा ठोका लागला.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"अठ्ठावीस."

"नीट मोजा."

"अठ्ठावीसच, सर."

रक्तदाब वरचा सत्तर. कार्डिओग्रामची पट्टी बाहेर आली, ती बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. हृदयाचा वरचा कप्पा आपल्या चालीनं चालला होता आणि खालचा आपल्याच नादात. मधला निरोपच पोचत नव्हता. "ब्लॉक आहे," डॉक्टर म्हणाले. "वयामुळे असणार. लगेच पुण्याला पाठवू."

सिस्टर तोवर सलाईनची सुई लावून, ऑक्सिजन सुरू करून मोकळ्या झाल्या होत्या. "अशी पाठवली तर मंचर गाठणार न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. आणि आजींच्या मुलाकडे वळून हात पुढे केला. "पिशवी?"

"कसली पिशवी? शेतातून उचलून आणलीये तिला," तो ओरडला. चाळिशीचा गडी, हातात अजून विळा. "आईला कसला आजारच न्हाई. जल्मात गोळी खाल्ली न्हाई तिनं."

"विळा खाली ठेवा भाऊ आधी. घरी फोन लावा. आईच्या गोळ्या शोधा म्हणावं."

"न्हाईतच तर काय शोधायचं!"

"लावा म्हणते ना."

डॉक्टरांनी ॲट्रोपीन मागितलं. मंद ठोक्यावरचं हे पहिलं इंजेक्शन. आमच्याकडे फवारणीचं विष अंगात गेलेली माणसं येतात, त्यांनाही तेच लागतं, म्हणून त्याची पेटी सिस्टरांनी कायम भरलेली. मी ते शिरेतून दिलं. आम्ही सगळे मॉनिटरकडे बघत राहिलो. अठ्ठावीस. तीस. छत्तीस. चव्वेचाळीस! मुलानं हात जोडले. मीही मनातल्या मनात जोडले. आणि आकडा पुन्हा खाली सरकायला लागला. छत्तीस. एकतीस. काही मिनिटांनी दुसरं दिलं. मग तिसरं. दर वेळी तेच, चार पावलं चढण आणि परत घसरण. चौथं देण्यात अर्थ नव्हता.

इकडे फोनवर वेगळंच रामायण. घरी सून होती. वाडीत रेंज बोलण्यापुरतीच. तिला डबा सापडला होता, पण फोटो पाठवायचा तर शाळेमागच्या टेकाडावर चढायला हवं. "चढ म्हणावं," सिस्टर म्हणाल्या. "पळत चढ!"

फोटो आला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि त्यात दोन पट्ट्या. धापा टाकत काढलेला, त्यामुळे हललेला. अक्षर एक वाचता येईना. सिस्टरांनी चष्मा वर केला, रजिस्टर उघडलं आणि फोन पानांवरून फिरवू लागल्या. एका पानावर थांबल्या. आणखी दोन पानं उलटली, परत थांबल्या.

"ही ठोके कमी करायची. आन् ही पण ठोके कमी करायची." त्यांनी मुलाकडे बघितलं. "घरात हार्टचा पेशंट कोन हाय?"

"आण्णा व्हते. माझा बाप. पन ते तर श्रावणात गेले."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, अगदी पुसट. "तेंच्याच हायेत गं… लई म्हागाच्या… टाकायच्या व्हय?"

टेकाडावरून सुनेनं उरलेलं सांगितलं. आण्णा त्या गोळ्या घेऊन सकाळी उठून बसायचे, अंगणात फिरायचे. म्हणून आजींना त्या ताकदीच्या वाटल्या. कापणी आली, अंगात बळ नाही, म्हणून आठवडाभर त्या रोज घेत होत्या. चक्कर यायला लागली तसं त्यांना वाटलं, ताकद कमी पडतेय. त्या सकाळी दोन्ही पट्ट्यांतल्या दोन-दोन घेतल्या आणि शेतात गेल्या.

तुम्ही म्हणाल, अडाणीपणा. मी तसं म्हणणार नाही. माझी आई औषधाच्या बाटलीत पाणी घालून, हलवून शेवटचा थेंब प्यायची. वाया घालवायचं नाही हे आमच्या भागात पोटातूनच शिकवलेलं असतं.

डॉक्टरांनी पुण्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. दोन्ही गोळ्यांची नावं सांगितली. तिकडून सूचना आल्या, तसा आमच्या डॉक्टरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. फोन ठेवून ते जवळजवळ ओरडलेच. "हृदय बिघडलेलं नाही, सिस्टर! नुसतं गोळ्यांनी दाबून धरलंय. कॅल्शियम द्या, ॲड्रेनॅलिनची सलाईन लावा, आणि पेसिंग, यंत्रानं बाहेरून ठोके. औषध उतरेपर्यंत फक्त ठोका टिकवायचाय!"

फक्त! पण त्या एका वाक्यानं खोलीतली हवा बदलली. आता वय नव्हतं, नशीब नव्हतं. आता होती वेळ काढायची शर्यत. मी कॅल्शियम सावकाश सोडायला लागले. डॉक्टरांनी दुसरी सलाईन जोडली. सिस्टरांनी क्रोशाचा रुमाल उचलला आणि मावशींच्या हातात दिला.

त्यांनी आजींची छाती टॉवेलनं कोरडी केली, एक पट्टी पुढे, एक पाठीमागे लावली. दुखू नये म्हणून डॉक्टरांनी थोडं गुंगीचं इंजेक्शन दिलं. सिस्टरांनी ठोके सत्तरवर लावले आणि करंट अगदी कमीपासून वाढवायला घेतला. पहिल्यांदा काही नाही. मग आजींच्या छातीचे स्नायू फडफडू लागले. मॉनिटरवर उंच रेघा उमटल्या. मी मानेला हात लावला आणि आनंदानं म्हणाले, "लागली नाडी!"

"मानंला नको. मान नुसतीच उडती, फसशील. जांघेत बघ."

मी जांघेत बोटं रुतवली. तिथं अजून तेच. एक ठोका, आणि लांबलचक शांतता. पडद्यावर सत्तर, हाताला तीस. पडदा खोटं बोलत होता.

"अजून वाढवा, सिस्टर."

मुलगा मध्ये घुसला. "करंट देताय तुमी माझ्या आईला! बंद करा ते! उडतीये ती!"

सिस्टरांनी बटणावरचा हात काढला नाही. "भाऊ, चिखलात बैल बसला तर काय करतोस?"

"काय करनार, टोचतो."

"का?"

"बसून राह्यला तर रुततो."

"मग? उभं राहा हितं, आईचा हात धर. ग्लोव्हज देते. तिला सांग, मी हाय म्हणून."

त्यानं हातमोजे चढवले, हात धरला आणि ढसाढसा रडायला लागला. करंट आणखी वाढला. आणि माझ्या बोटांखाली काहीतरी उसळलं. परत उसळलं. परत.

"बोल की!" सिस्टर गरजल्या. "मला दिसत न्हाई तुझी बोटं!"

"आहे," मी म्हणाले. "आहे! आहे! आहे!"

मॉनिटरच्या प्रत्येक रेघेला एक ठोका. पाच मिनिटांत रक्तदाब वरचा शंभर. आजींच्या ओठांवर रंग आला. डॉक्टरांनी भिंतीला पाठ टेकली आणि मराठवाडी धाटणीत एवढंच म्हणाले, "काय बाई हो तुम्ही!"

पण अर्धंच झालं होतं. बाहेरून दिलेले ठोके किती वेळ टिकणार? पुण्याला नेऊन शिरेतून तात्पुरती तार घालायला हवी होती. दवाखान्यात डॉक्टर एकटेच, ते हलू शकत नव्हते. रुग्णवाहिकेत सिस्टर, मी आणि मुलगा. डॉक्टर फोनवर.

मंचर मागे पडलं. ड्रायव्हर भाऊ सायरन लावून सुसाट. मी जांघेत बोटं ठेवून बसले होते. खेडचा घाट उतरताना गाडीनं एक हिसका दिला आणि माझ्या बोटांखालचं सगळं थांबलं.

"सिस्टर, नाही!"

"काय नाही?"

"ठोका नाही!"

घामानं पुढची पट्टी सुटली होती. नवीन लावायला छाती परत कोरडी करायची, तेवढा वेळ कुठला? सिस्टर सरळ स्ट्रेचरवर गुडघा टेकून चढल्या. आपल्या पदराची गुंडाळी केली, ग्लोव्हजच्या हातांनी ती पट्टीच्या कडेवर धरली आणि सगळं अंग टाकून दाबलं. "करंट दोन घरं वाढव. वाढवलास?"

"वाढवला."

"बोल."

मी बोटं आणखी खोल रुतवली. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आहे!"

तिथून पुढे चाकणच्या ट्रॅफिकमधून, वळणावर आणि खड्ड्यात, त्या तशाच होत्या. एक गुडघा वर, दोन्ही हात छातीवर. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी बाई. एकदा मी म्हणाले, सिस्टर, मी दाबते, तुम्ही बसा. तर म्हणाल्या, "तू हललीस तर नाडी कोन सांगनार? गप तुजं काम कर. भाऊ, हॉर्न वाजवा, झोपले का काय तुमी?"

"सिस्टर, पुढं टँकर हाय!" ड्रायव्हर ओरडला.

"मग त्याला सांगा, मागं गॅरेजवालीय!"

मोठ्या दवाखान्याच्या दारात आजींना उतरवलं, तेव्हा त्यांची नाडी माझ्या बोटांखाली होती. काचेचं दार बंद झालं. सिस्टर रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसल्या. ड्रायव्हर भाऊंनी चहा आणला, पण त्यांच्या हातात कप राहीना. मी कप त्यांच्या तोंडाला लावला. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "साखर कमी हाय." मग आम्ही दोघी हसत सुटलो. इतक्या, की सिक्युरिटीवाला बघायला आला.

दोन दिवसांत गोळ्या अंगातून उतरल्या. तार काढली. आजींचं हृदय आपल्या पायानं चालायला लागलं. कायमचं यंत्र बसवायची गरजच पडली नाही. मुलानं फोन करून सांगितलं, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं. भात झोडून झाला का?"

त्याच महिन्याच्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या आणि आळेफाट्याला राहायला गेल्या. रजिस्टर मला देऊन गेल्या. सोमवारी मी यंत्राचा रुमाल उचलते, बटणं दाबते, आणि दर वेळी शेजारी बघते. जाऊन भेटून येऊ, असं ठरवायचे. सुट्टी मिळायची नाही, किंवा मिळाली की घरची कामं निघायची. फोन व्हायचे. पण फोन म्हणजे भेट नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे.

संक्रांतीनंतर एका सकाळी आजी दवाखान्यात आल्या. एकट्या, खांद्यावर तांदळाचं गाठोडं. आम्हा प्रत्येकीच्या तोंडाकडे निरखून बघत वॉर्डभर फिरल्या.

"कुणाला शोधताय, आजी?"

"ती कुठाय? माज्या छातीवर बसल्याली?"

मी सांगितलं. रिटायर झाल्या, आळेफाट्याला असतात. फोन लावून देऊ का?

"फोनवर काय करू? ती दिसती कशी तेच मला ठावं न्हाई. माजं डोळं मिटल्यालं व्हतं." त्यांनी गाठोडं परत खांद्यावर घेतलं. "कंची यष्टी जाती, तेवढं सांग."

"तांदूळ जड आहे आजी, इथं ठेवा. मी पोचवते."

"तू कधी जायची गं?" त्या म्हणाल्या.

मी त्यांना नारायणगावच्या गाडीत बसवलं. पुढची गाडी कुठून मिळेल ते कागदावर लिहून कंडक्टरला दाखवलं. खिडकीतून त्यांनी मला हातानंच जा म्हटलं, कामाला लाग.

दुपारी दोन वाजता सिस्टरांचा फोन आला. आवाज अगदी दबलेला.

"आली गं ती."

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. उंबऱ्यात उभी राहिली आन् माझ्या तोंडाकडं बघतच बसली. मग म्हनती, एवढीशीच हायेस व्हय? मला वाटलं व्हतं, लई धिप्पाड असशील." सिस्टर हसल्या, पण आवाज न करता. "जेवली पोटभर. आता पडलीय, घोरतीय."

"मग तुम्ही हळू का बोलताय? झोपमोड होईल म्हणून?"

"हात धरलाय ना तिचा. नाडी बहात्तर हाय. दोनदा मोजली. चल, ठेव आता."